पासिंगपुरती गाडी

पासिंगच्या, म्हणजे आरटीओतल्या फिटनेस तपासणीच्या दिवशी आपल्याकडच्या गाड्या जेवढ्या शहाण्यासारख्या दिसतात तेवढ्या वर्षातल्या दुसऱ्या कुठल्याच दिवशी दिसत नाहीत. धुतलेल्या असतात, मागं लाल आणि पुढं पांढरी रेडियमची पट्टी नवीकोरी चिकटवलेली असते, नंबर परत रंगवलेला असतो, चारी इंडिकेटर लुकलुकायलेत, वायपर हलायलेत, फर्स्ट एडच्या डब्यात चक्क कापूस पण आहे. लातूर म्हणा, नांदेड म्हणा, बीड, परभणी, कुठल्याही आरटीओच्या मैदानात सकाळी जाऊन उभं रहा, असं वाटेल की मराठवाड्यातल्या गाड्यांना काही झालेलंच नाही, लोकं उगाच बोंबलतात. आणि मग त्याच गाड्या आठ-पंधरा दिवसांनी धान्याच्या मोंढ्यात नाहीतर बायपासला रात्रीच्या बघा. मागचा एक लाइट बंद, पट्टी चिखलाखाली गेलेली, पासिंगला लावलेले टायर ज्याचे होते त्याला परत गेलेले, आणि ड्रायव्हर गतिरोधकाच्या बऱ्याच आधीपासून ब्रेकला पंपिंग करत येतोय. कागद मात्र चालू आहे.

हा विषय निघाला की आपल्याकडं चर्चा लगेच एजंटवर जाते, "पैसे टाका, काहीपण पास होतं" इथं येऊन संपते आणि मग सगळे चहा पिऊन घरी जातात. ते खरं किती आणि खोटं किती यात मी शिरत नाही, ज्याचा त्याला अनुभव आहे. मला वेगळंच म्हणायचंय. समजा उद्या सगळे इन्स्पेक्टर हरिश्चंद्र झाले, कुणी एक रुपया घेतला नाही, यादीतला एकूण एक मुद्दा वाकून-झोपून बघितला, तरी रस्त्यावरच्या गाडीत फार फरक पडणार नाही. कारण तपासणी अशा दिवशी होते ज्या दिवसाची तारीख मालकाला आधीपासून माहीत असते, अशा जागी होते जिथं गाडी रिकामी उभी असते, आणि होते भरदिवसा. आपल्याकडं माणसं मरतात ती भरलेल्या गाडीखाली, रात्री, आणि कुणी तारीख दिलेली नसताना.

तपासतात काय ते आधी बघू, कारण बऱ्याच जणांना पासिंग म्हणजे चेसी नंबरची पेन्सिलनं छाप घ्यायची आणि सही मारायची एवढंच वाटतं. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याचं कलम ५६ सांगतं की वाहतुकीच्या गाडीकडं, म्हणजे ट्रक, पिकअप, रिक्षा, काळी-पिवळी, बस, स्कूलबस, चालू फिटनेस सर्टिफिकेट नसेल तर तिची नोंदणीच वैध धरायची नाही. हे लै मोठं वाक्य आहे आणि ते कुणी मनावर घेत नाही. फिटनेस संपला म्हणजे नाक्यावर थोडाफार दंड, असं आपण समजतो, पण कायद्याच्या नजरेत ती गाडी त्या दिवसापासून बिननोंदणीची आहे आणि अपघात झाला की विमा कंपनी ज्या कागदावरून वाद घालायला सुरुवात करते तो हाच. (खासगी कार-मोटरसायकलचं वेगळं, त्यांना पहिली १५ वर्षं कुणी विचारत नाही, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. त्यात आज जात नाही.)

मग केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम ६२, त्यात एक तक्ता दिलेला आहे. त्यातला पहिलाच मुद्दा कुठला असेल? स्पार्क प्लग, सप्रेसर कॅप आणि हाय टेन्शन केबल. सप्रेसर कॅप असते ती इग्निशनच्या ठिणगीमुळं आसपासच्या रेडिओत खरखर येऊ नये म्हणून. आता डिझेल ट्रकला स्पार्क प्लग नसतोच, आणि रेडिओची खरखर हा आपल्या रस्त्यांवरचा पहिल्या नंबरचा प्रश्न आहे असं कुणी म्हणणार नाही, पण यादीत तो पहिला आहे आणि ब्रेक बराच खाली. मधी हेडलाइटचा झोत, बाकीचे लाइट, रिफ्लेक्टर, बल्ब, आरसा, काचा, हॉर्न, सायलेन्सर, डॅशबोर्डवरचे काटे, वायपर, धूर, मग ब्रेक, स्पीडोमीटर आणि शेवटी स्टिअरिंग. क्रमाला अर्थ नसतो, सगळे मुद्दे सारखेच, असं कुणी म्हणेल. कागदावर सारखेच असतील. पण मैदानात गाड्यांची रांग लागलेली असते, ऊन तापलेलं असतं, साहेबाला अजून लायसनच्या ट्रायल घ्यायच्या असतात, अशा वेळी उभ्या-उभ्या डोळ्याला जे दिसतं तेच तपासलं जातं. रंग दिसतो, नंबरप्लेट दिसते, पट्टी दिसते, फुटकी काच दिसते. ब्रेकचं लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणारी पट्टी, ड्रमच्या आत असतं, ते दिसत नाही. टायरॉडचा, म्हणजे स्टिअरिंग चाकांना जोडणाऱ्या दांड्याचा, जॉइंट खिळखिळा झालाय का ते गाडीखाली शिरून कुणीतरी स्टिअरिंग हलवल्याशिवाय कळत नाही.

स्टिअरिंगचंच घ्या. नियम ९८ म्हणतो की स्टिअरिंगमध्ये जो मोकळा खेळ असतो, म्हणजे चाक फिरवलं पण टायर हललंच नाही असा जो भाग, तो ३० अंशापेक्षा जास्त नको. ३० अंश म्हणजे घड्याळात बारापासून एकपर्यंत. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या पिकअपमध्ये बसून बघा, ड्रायव्हर सरळ रस्त्यावर सुद्धा सारखा डावी-उजवीकडं चाक हलवत असतो, आणि आपल्याला वाटतं याची सवय आहे. सवय नाही ती, गाडी सरळ ठेवायला त्याला तेवढं करावंच लागतंय. हे बघायला मशीन लागत नाही, दोन मिनिटं आणि दोन माणसं लागतात.

टायरचं माप नियमात स्पष्ट आहे. दुचाकी-तीनचाकीला नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर, बाकीच्यांना १.६. टायरच्या खाचेत एक छोटा उंचवटा कंपनीनंच दिलेला असतो, नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर संपलं. हे इतकं सोपं आहे की शाळेतलं पोरगं पण सांगेल. पण ट्रकचं एक टायर घ्यायचं म्हणलं तर वीस हजाराच्या घरात जातं, सहा चाकांचे मिळून किती झाले ते तुम्हीच बघा, आणि एका ट्रकचा मालक-ड्रायव्हर जो फायनान्सचे हप्ते फेडत फेडत सोयाबीन आणि हरभरा वाहतोय तो काय करतो? तो मित्राच्या गाडीचे टायर एका दिवसासाठी लावतो. यात मला त्याचा राग येत नाही, खरं सांगायचं तर व्यवस्थेनं त्याला हेच शिकवलंय की परीक्षा एका दिवसाची आहे. गॅरेजवाल्यांना विचारा. गाडी पासिंगला काढायची म्हणलं की मिस्त्री पहिला प्रश्न विचारतो, "शेठ, पासिंगपुरतं करू का चालवायला करू?" दोन्हीचे रेट वेगळे असतात! आणि तो हे काही लपूनछपून विचारत नाही, चारचौघात विचारतो.

ब्रेकवर जरा थांबतो कारण सगळं तिथं येऊन अडतं. आपल्याकडं अनेक वर्षं ब्रेक टेस्ट म्हणजे इन्स्पेक्टरनं गाडी थोडी पळवायला लावायची आणि थांबवायला लावायची, जागा असेल तेवढीच. मग प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं आणि कोर्टाला सरकारच्या मागं लागावं लागलं की बाबांनो आरटीओला २५० मीटरचा ब्रेक टेस्ट ट्रॅक तरी करा. २५० मीटर सरळ रस्ता, एवढी साधी गोष्ट मिळवायला हायकोर्ट लागलं. आता ट्रॅक झाले, चांगलं झालं. पण ट्रॅकवर गाडी येते रिकामी. दोन ॲक्सलच्या ट्रकला एकूण वजनाची मर्यादा आधी १६.२ टन होती, २०१८ ला ती १८.५ टन केली. रिकामा ट्रक त्याच्या निम्म्याहून कमी भरतो. म्हणजे जो ब्रेक आपण तपासला तो निम्म्याहून कमी ओझ्यावर, थंड ड्रमवर, सपाट रस्त्यावर. आणि तो वापरायचा कुठं? मांजरसुंब्याच्या घाटात माल भरून उतरताना, जिथं ड्रायव्हर सारखा ब्रेकवर पाय ठेवून असतो, ड्रम तापतो आणि तापलेल्या ड्रमवर लायनर पकड सोडायला लागतं. कन्नडच्या औट्रम घाटात तर जड वाहनांना २०२३ मध्ये बंदीच घालावी लागली, हायकोर्टाच्या खंडपीठानं घातली. तिथं प्रश्न रस्त्याचाही होता, कोंडीचाही होता, मान्य. पण घाटातल्या ब्रेकची परीक्षा आपण कुठंच घेत नाही हे पण तेवढंच खरं.

आता सरकारचं उत्तर आहे मशीन. २०२१ मध्ये केंद्रानं स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम काढले, जड वाहनांपासून सुरुवात करून हळूहळू सगळ्या वाहतुकीच्या गाड्या तिथंच तपासायच्या असं ठरलं, मग तारखा पुढं ढकलत गेल्या ते आपण बघितलंच. राज्यात असं केंद्र पहिल्यांदा नाशिकला झालं. मशीनला माझा विरोध नाही, उलट मशीन पाहिजेच. रोलर ब्रेक टेस्टरवर गाडीचा एकेक ॲक्सल चढवतात, ब्रेक दाबला की डाव्या चाकानं किती पकड घेतली आणि उजव्यानं किती हे वेगवेगळं कळतं, आणि दोन्हीत फरक जास्त असला की तीच गाडी जोरात ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढणार हे तिथंच समजतं. माणसाला हे बाहेर उभं राहून कधीच कळणार नाही. साइड स्लिप (चाकं सरळ न जाता बाजूला किती सरकतात ते), हेडलाइटचा झोत, जॉइंटमधला खेळ, सगळं मशीन मोजतं. डिझेलच्या धुराच्या दाटपणाला तर आकडाच आहे, बीएस चार, म्हणजे भारत स्टेज चार या प्रदूषणाच्या निकषातल्या गाडीला १.६२ आणि त्याच्या आधीच्याला २.४५, त्याच्यावर गेलं की नापास, साहेबाच्या मूडचा संबंध नाही.

पण मशीनला पण तारीख देऊनच जायचंय ना? उसनं टायर रोलरवर पण चढतं. आणि मराठवाड्याचा नकाशा डोळ्यासमोर आणा. किनवटच्या माणसाला नांदेडला यायचं म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोमीटर, आष्टीवाल्याला बीडपेक्षा नगर जवळ. आज तालुक्याला आरटीओचा कॅम्प लागतो म्हणून तिथल्या रिक्षा, ॲपे, छोटा हत्ती वगैरे निदान कुणाच्या तरी नजरेखालून जातात. उद्या सगळं एका ठिकाणच्या मशीनवर नेलं तर लांबची गाडी काय करणार? जाणारच नाही. डिझेल घालून एक दिवस मोडून जाण्यापेक्षा बिनपासिंगची गावातल्या गावात फिरेल, कोण पकडतंय. तपासणी जेवढी लांब आणि अवघड करत जाल तेवढ्या गाड्या तपासणीच्या बाहेर पडत जातात, हे दिल्लीत बसून नियम लिहिणाऱ्याच्या ध्यानात येत नसावं बहुतेक.

दंडाचंही असंच झालं. फिटनेस संपल्यावर उशिराचे रोज ५० रुपये असा नियम. ऐकायला पन्नास रुपये काहीच नाहीत, पण एखाद्या रिक्षावाल्याचं घरात आजारपण निघालं, गाडी उभी राहिली, वर्ष गेलं, की ३६५ गुणिले ५० म्हणजे १८,२५० रुपये. जुन्या रिक्षाला विकून तेवढे येतात का ते बघावं लागंल. मग तो माणूस पासिंगला येतच नाही, कधीच. म्हणजे ज्या गाडीची तपासणी सगळ्यात गरजेची तीच दंडाच्या भीतीनं कायमची बाहेर गेली. २०२४ मध्ये रिक्षावाल्यांनी राज्यभर आंदोलनं केली आणि सरकारला ही वसुली थांबवत असल्याचं सांगावं लागलं. तिकडं १५ वर्षांपेक्षा जुन्या ट्रक-बसच्या फिटनेसची फी २०२२ च्या एप्रिलपासून एकदम साडेबारा हजारावर नेली. जुनी गाडी रस्त्यावरून हटावी हा हेतू चांगलाच आहे, पण फी भरून काय ब्रेक सुधारतो का? तेवढ्या पैशात त्या माणसानं लायनर आणि टायरॉड बदलला असता.

आणि या सगळ्याच्या पलीकडं एक अख्खा वर्ग आहे जो पासिंगच्या मैदानात कधी दिसतच नाही. तो म्हणजे उसाचा ट्रॅक्टर.

मराठवाड्यात पाणी नाही, ऊस आहे, यावर वेगळा लेख होईल. पण गळीत हंगाम सुरू झाला की दिवाळीनंतर मार्चपर्यंत माजलगाव, अंबाजोगाई, लातूर, कळंब, परभणी, कुठल्याही रस्त्यानं रात्री जा. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, वर बारा-पंधरा फूट ऊस, पुढं टेप इतका मोठा की मागून कुणी हॉर्न मारला तर ऐकू यायचा प्रश्नच नाही. ट्रॉलीला मागं लाइट असलाच तर वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, खाली लोंबून तो झाकलेला असतो. बहुतेक ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसतो, म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन चाकांच्या जिवावर सगळं ओझं थांबवायचं. दोन ट्रॉल्यांमधली पिन कुठल्यातरी वेल्डिंगच्या दुकानात केलेली. आणि शेतीचा ट्रॅक्टर म्हणून नोंद झालेली गाडी वाहतुकीच्या गाडीच्या नियमात बसवायची का नाही, यात सगळे एकमेकांकडं बघणार. ट्रॉलीची तर कित्येकदा नोंदणीच नसते. बंद पडलेली ट्रॉली रस्त्याच्या मधोमध, मागं दगड लावून ठेवलेली, आणि मोटरसायकलवरचं पोरगं अंधारात जाऊन तिच्यावर आदळलं, ही बातमी आपल्याकडं दर हंगामात येते, एवढी येते की ती वाचून कुणी पान उलटायचं थांबत नाही.

यावर उपाय म्हणून काय करतात, तर हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यावर रिफ्लेक्टर लावायचा कार्यक्रम. चेअरमन, एमडी, आरटीओचे साहेब, पोलीस, सगळे मिळून एका ट्रॉलीला कापडी रिफ्लेक्टर बांधतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. वाईट नाही ते, बांधलेला रिफ्लेक्टर एखादा जीव वाचवतोच. पण चौथ्या खेपेला तो उसाबरोबर ओढून निघतो आणि परत कोण बांधतो?

म्हणून माझं म्हणणं असं आहे की इन्स्पेक्टरनं मैदान सोडून रस्त्यावर यावं. यासाठी नवा कायदा नको. त्याच कलम ५६ मध्ये पोटकलम ४ आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की गाडी नियमांप्रमाणे राहिलेली नाही असं दिसलं तर फिटनेस सर्टिफिकेट कधीही, लेखी कारण देऊन, रद्द करता येतं. कधीही! म्हणजे ज्यांनी कायदा लिहिला त्यांना माहीत होतं की दोन वर्षांचा कागद म्हणजे दोन वर्षांची गॅरंटी नव्हे. हिशोब करून बघा, आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला फिटनेस दोन वर्षांचा मिळतो, त्यानंतर एकेक वर्षाचा. नांदेड-हैदराबाद करणारा ट्रक रोजचे तीनशे किलोमीटर आणि वर्षाचे तीनशे दिवस धरला तरी दोन वर्षांत एक लाख ऐंशी हजार किलोमीटर होतात. तेवढ्यात टायर बदलतात, लायनर बदलतं, ड्रायव्हर बदलतो, कधीकधी मालक पण बदलतो. कागद तेवढा तोच.

आणि रस्त्यावर तपासणी होत नाही असंही नाही. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, टायर फुटून अपघात व्हायला लागले, तेव्हा आरटीओनं एन्ट्रीलाच गाड्यांचे टायर बघायला सुरुवात केली, गुळगुळीत टायरची गाडी परत पाठवली. पासिंग आहे का, कागद दाखव, असं नाही, टायर दाखव. हीच गोष्ट आपल्या जालना रोडला, बीड बायपासला, लातूरच्या मोंढ्याच्या गेटवर का होत नाही? समृद्धीवरून जाणाऱ्याचाच जीव तेवढा महाग आहे का? त्याच समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ ला खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. बस दरवाजाच्याच बाजूला पडली, दार बंद झालं. मागचा संकटकालीन दरवाजा, काच फोडायची हातोडी, या गोष्टी पासिंगच्या दिवशी सगळ्या बसमध्ये असतात. मे महिन्यात पुण्याला जाणाऱ्या कुठल्याही स्लीपर बसमध्ये त्या दरवाजापुढं काय ठेवलेलं असतं ते ज्यानं प्रवास केलाय त्याला सांगायची गरज नाही.

आता आक्षेप. मला माहितीये लगेच काय म्हणतील, "अजून एक नाका म्हणजे अजून एक हप्ता". बरोबर आहे, आरटीओच्या वायुवेग या फिरत्या पथकाची गाडी लांबून दिसली की ढाब्यावर ट्रक थांबायला लागतात ते काय उगाच नाही. म्हणून रस्त्यावरची तपासणी छोटी आणि मोजता येईल अशीच पाहिजे. नियमाची सगळी यादी घेऊन रस्त्यावर उभं राहिलं की त्यातला एखादा मुद्दा कुठल्याही गाडीत सापडतोच, आणि मग तडजोड सुरू होते. त्यापेक्षा टायरची खोली, मागचे लाइट आणि रिफ्लेक्टर, स्टिअरिंगचा खेळ, ब्रेक, आणि ट्रॉली असेल तर जोडणी, बस. टायरची खोली मोजायची पट्टी काही लाखाची येत नाही. आकडा लिहायचा, फोटो काढायचा, वेळ टाकायची, ई-चलानला हे सगळं आत्ताच होतंय. बल्ब गेला असेल तर दंड नको, दोन दिवसांची मुदत द्या, बसवून फोटो टाक म्हणा. बल्ब चालता-चालता पण जातो, त्याला दंड करून त्या माणसाच्या मनात आपण फक्त राग भरतो. पण ब्रेक किंवा स्टिअरिंग गेलेलं असेल तर गाडी तिथंच उभी, मग ती कुणाची का असेना आणि फोन कुणाचा का येईना. हे शेवटचं अवघड आहे, मला कळतं.

दुसरी एक गोष्ट, जी करायला पैसे लागत नाहीत. जीवघेणा अपघात झाला की पोलीस आरटीओला पत्र देतात आणि मोटार वाहन निरीक्षक येऊन ती गाडी तपासतो, यांत्रिक दोष होता का नव्हता ते लिहून देतो. म्हणजे पासिंग करणारं खातं आणि अपघातानंतर तपासणारं खातं एकच. मग हे दोन कागद शेजारी-शेजारी ठेवून कुणी बघतं का? तीन महिन्यांपूर्वी फिट म्हणून सही झालेल्या गाडीत अपघातानंतर टायर गुळगुळीत निघाले तर मधल्या काळात काय झालं हा प्रश्न कुणीतरी विचारायला नको का? गाडीचा चेंदामेंदा झालेला असेल तर ब्रेक चालवून बघता येत नाही, मान्य, पण टायर, लाइटची वायरिंग, जॉइंट, हे बऱ्याचदा बघता येतं. जिल्ह्याच्या रस्ता सुरक्षा समितीच्या बैठका होतात, कलेक्टर असतात, त्यात ब्लॅक स्पॉटवर चर्चा होते, गतिरोधकावर होते. या दोन कागदांची तुलना त्या बैठकीत येऊ द्या. नावं जाहीर करा असं मी म्हणत नाही, कुणाला फासावर द्यायचं नाहीये. पण वर्षभरात असे किती निघाले आणि त्यात काय काय निघालं एवढं तरी लोकांना कळू द्या. त्यावरून पासिंगला कुठल्या मुद्द्यावर जास्त वेळ द्यायचा ते आपोआप ठरेल, स्पार्क प्लगवर का टायरॉडवर.

आणि पासिंगचा निकाल मालकाला मराठीत, मुद्द्यानुसार द्या की. आज त्याला काय मिळतं, पास नाहीतर नापास. डाव्या मागच्या चाकाचा ब्रेक उजव्यापेक्षा कमी पकडतोय, अजून पास आहे पण लायनर काढून बघ, असं कुणी लिहून दिलं तर तो नक्की बघंल, कारण गाडी त्याची आहे, आत बसणारा जीव पण त्याचाच आहे. स्कूल व्हॅनच्या बाबतीत तर हा कागद शाळेच्या नोटीस बोर्डावर लागला पाहिजे, आईबाप वाचतील. एसटी हे आपल्या आपण बऱ्यापैकी करते, डेपोत गाडी रात्री आली की बघतात, मोठं काम निघालं तर विभागीय कार्यशाळेत जाते, चिकलठाण्याला मोठा वर्कशॉप आहेच. एसटीची गाडी जुनी असंल, खडखडत असंल, पण तिचा ब्रेक बघणारा एक माणूस पगारावर ठेवलेला असतो. एका ट्रकच्या मालकाकडं असा माणूस कुठून येणार.

माणसं नाहीत, पदं रिकामी आहेत, हे आरटीओचं उत्तर ठरलेलं आहे आणि ते खोटं नाही. त्या कार्यालयांत कामाचा डोंगर आहे. पण उसाच्या बाबतीत तर आरटीओच्या माणसाची पण गरज नाही. कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक ट्रॅक्टर, प्रत्येक ट्रॉली, प्रत्येक खेप थांबते, तिथं चोवीस तास माणूस बसलेला असतो, नंबर लिहिला जातो, पावती निघते. राज्यातल्या कुठल्याच तपासणी केंद्राला एवढी हजेरी मिळत नाही. रिकामी ट्रॉली काट्यावरून परत निघताना मागचा लाइट लागत नसेल, रिफ्लेक्टर नसेल, तर पुढच्या खेपेची चिठ्ठी द्यायची नाही, आणि गेटवरच बल्ब, वायर, रिफ्लेक्टर विकायला ठेवायचे, पैसे बिलातून कापा. वाहतूकदाराला उचल देताना कारखाना बाँड लिहून घेतो, त्यात ऊस किती आणायचा, नाही आणला तर काय, सगळं असतं. त्यात लाइट, पिन आणि दोनच ट्रॉल्या एवढी एक ओळ घालायला कुणाची परवानगी लागत नाही. सभासदांची वार्षिक सभा हंगामाच्या आधी होते. भाव किती देणार हे तिथं सगळेच विचारतात, जोडीला एकानं उठून चेअरमनला हे पण विचारावं.